मथुरावहिनींची मागची भिंत

मथुरावहिनी माझ्या चुलतवहिनी. त्यांच्यावर लिहायला बसलो की पहिल्या ओळीतच मी घुसतो आणि पुढे मीच बोलत राहतो, ही माझी खोड. सभेतही तसंच होतं. विषय दारूबंदीचा असतो आणि थोड्या वेळाने लोकांना माझ्या तुरुंगातल्या भाकरीची जाडी कळलेली असते. म्हणून या वेळी भिंतीपासून सुरुवात करतो.

आमची पाखाडी, म्हणजे चिऱ्यांच्या पायऱ्यांची गल्ली, खाडीकडे उतरते, तिथे अगदी टोकाला वहिनींचं घर. जांभ्याचे चिरे मातीत रचून उभं केलेलं, वर छपराला मातीचे नळे. भिकाजीदादा, म्हणजे वहिनींचा नवरा, शिडाच्या मचव्यावर तांडेल होता. नारळ-सुपारी घेऊन मुंबईला जायचा. एका फेरीत कुणा गोऱ्याच्या बंगल्याच्या भिंतीवर चढलेली हिरवी वेल त्याच्या मनात भरली. ओल्या फडक्यात तिची फांदी गुंडाळून आणली आणि मागच्या भिंतीशी रोवली. आमच्याकडे वेल म्हणजे पडवळ नाहीतर काकडी, तिला मांडव घालावा लागतो. या बाईला मांडव नको होता. बारीक बारीक पायांनी भिंत धरून ती आपली वर वर जायची. पाखाडीने तिचं नाव ठेवलं साहेबाची वेल. पुढे एका वादळात मचवा गेला, दादा गेला. वेल राहिली.

वहिनींनी ती तोडली नाही. नवऱ्याची आठवण म्हणून, असं मी एकदा सभेत म्हणालो होतो, बायांच्या डोळ्यांत पाणीही आलं होतं. वहिनींना ते कळलं तेव्हा म्हणाल्या, "आठवण कसली वो भावोजी. गाय त्या वेलीचा पाला खाते."

वहिनी सुकी मासळी विकायच्या. पाटी डोक्यावर घेऊन बाजारात जाताना त्यांची मान ताठ असायची, ती पाटी उतरल्यावरही तशीच राहायची. घासाघीस करण्यात त्यांचा हात कुणी धरला नाही. मामलेदाराच्या बायकोशी घासाघीस, डॉक्टरशी घासाघीस, एकदा तर जप्तीला आलेल्या शिपायाशी त्यांनी अशी घासाघीस केली की तो जाताना बांगड्याचं सुकं विकत घेऊन गेला. चिडलेलं मी त्यांना क्वचितच पाहिलं. घराण्यातला सगळा राग माझ्या वाट्याला आला होता आणि मी तो जपून वापरत नव्हतो.

तर ती वेल वाढत वाढत वळचणीखाली शिरली आणि तिने नळे उचलले. मागची खोली पश्चिमेची, पाऊस सरळ तिच्यावर मारा करतो. भिंत आतून फुगली. दोन पावसाळे वहिनींनी तिथे भांडी लावून काढले. पण आदल्या वर्षी त्यांची एकुलती एक मुलगी सावित्री राजापूरहून पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बाळंतिणीची खोली तीच, कारण घरात दुसरी आडोशाची खोली नव्हती. श्रावणातली ओल भिंतीतून बाजेपर्यंत आली. शेगडी पेटवली, धुरी दिली, पण मुलाला सर्दी झाली आणि बारशाच्या आधीच ते गेलं.

वहिनी त्यावर कधी बोलल्या नाहीत. या वर्षी सावित्रीला परत दिवस राहिले. तिच्या सासूने राजापूरहून माणसाबरोबर निरोप धाडला, की या खेपेला पोरीला आमच्याकडेच ठेवू, तुमच्या भिंतीचा भरवसा नाही. वहिनींनी उलट निरोप धाडला, "मिरगाआधी भिंत कोरडी करते. येऊन हात लावून बघा. ओल लागली तर पोरीला घेऊन जा."

हे साल चौतीस. तेव्हा मी म्हणजे कोण, तर मीठ-सत्याग्रहात शिरोड्याला जाऊन आलेला, तुरुंगात अक्षर सुधारलेला, शाळेत चौथीच्या पुढे न गेलेला पण वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून जगाचं राजकारण समजलेला गंगाराम. सोडा-लेमनचं दुकान होतं. गिऱ्हाईक बाटली फोडेपर्यंत मी त्याला अंधश्रद्धेवर दोन शब्द सांगायचो. त्यामुळे पुष्कळ जण उसाचा रस प्यायला लागले होते.

वैशाखात सखाराम आणि धाकू वहिनींच्या घराची शाकारणी करायला आले. हे दोघे दर वर्षी पाखाडीतल्या घरांची छपरं उलगडून नळे परत रचून द्यायचे. सखाराम मागच्या बाजूने शिडी लावून चढला, वेलीत हात घातला आणि हाताएवढं जाड काहीतरी सरकताना बघून खाली उतरला. उतरला म्हणजे शिडीला पाय न लावता उतरला.

"राखणदार हाय," तो म्हणाला.

वहिनी म्हणाल्या, "धामण असेल रे. उंदीर आहेत वळचणीला."

"धामण आसंल नायतर काय पन आसंल. घराची राखण करतो तो. मी त्येच्या जागंला कोयती लावनार नाय. आधी देवाचा कौल घ्या. त्यो हो म्हनाला तर मी सगळी वेल उतरवतो, भिंत पन बांधून देतो."

कौल म्हणजे आमच्या पाखाडीच्या देवळातली रीत. देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि गाऱ्हाणं घालायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देवाची परवानगी, डावीकडची पडली तर नाही. पण घरासाठी कौल मागायचा तर घरातला पुरुष उभा राहावा लागतो. बाईने, त्यातून विधवेने उभं राहायची रीत नव्हती. आणि वहिनींच्या घराण्यात उरलेला पुरुष म्हणजे मी.

वहिनी दुकानात आल्या. मी त्यांना लेमन दिलं. त्यांनी बाटली न फोडता बाजूला ठेवली आणि सगळं सांगितलं.

मी उभा राहिलो. बसून बोलायची मला सवयच नव्हती. "वहिनी, मी? मी कौल लावायला? गेल्या महिन्यात याच कौलावर मी बाजारात दीड तास बोललो. गुरव उजवी पाकळी कशी सैल लावतात, डावी कशी घट्ट लावतात, हाताने करून दाखवलं."

"बघितलं मी. तुमची डावी पण पडली."

"ती वाऱ्याने पडली."

"देवळात वारा नसतो," वहिनी म्हणाल्या. "उद्या येता का?"

"उद्या येतो. पण देवळात नाही, तुमच्या परसात. शिडी आणि कोयती घेऊन. साहेबाची वेल आहे ती, वहिनी. मुळं आमच्या भिंतीत आणि डोकं आमच्या छपरावर. आणि आमचा राखणदार त्या गोऱ्याच्या वेलीत मुक्कामाला जाईल? काय अक्कल आहे सखारामला. ती वेल मी एकटा उतरवतो."

पुढे मी आणखी काय काय बोललो ते मला आठवतं पण लिहिण्यासारखं नाही. एकच सांगतो, त्यात 'साम्राज्य' हा शब्द अनेकदा आला.

दुसऱ्या दिवशी मी पाखाडीत दवंडी पिटायची तेवढी बाकी ठेवली. ज्याला भेटलो त्याला म्हणालो, दुपारी या, एका जुलमाचा अंत बघायला या. तरुण मंडळातले माझे कार्यकर्ते मदतीला येणार होते. त्यांतल्या कुणाला ताप आला, कुणाला सासरी जावं लागलं, एकाला आपल्याकडे आंबे उतरवायचे होते हे अचानक आठवलं. बघायला मात्र सगळी पाखाडी आली. कुंपणावर माणसं बसली. माझ्या सभेला इतकी माणसं असती तर मी बहुतेक नगरपालिकेत निवडून आलो असतो.

मी शिडीवर चढलो आणि खाली बघून चार शब्द बोललो. ते चार शब्द जरा लांबले. सखाराम खालून म्हणाला, "भाऊ, आदी हात चालू दे."

त्या शब्दाने माझं डोकं तापलं. वेल बुंध्याशी तोडून वाळू द्यायची आणि मग एकेक फांदी सोडवायची, ही साधी गोष्ट घरच्या गाईलाही कळली असती. पण बुंध्याशी वाकून तोडणं कुंपणावरच्या लोकांना दिसलं नसतं. मी वळचणीशी दोन्ही हातांनी वेलीचा झुबका धरला आणि सगळं अंग मागे टाकून ओढला.

वेल आली. म्हणजे वेल, तिच्याबरोबर आंब्यावरच्या तांबड्या मुंगळ्यांची वसाहत, मुंगळ्यांबरोबर चुन्याचा गिलावा, आणि गिलाव्याबरोबर एक अख्खा चिरा, असं सगळं कुटुंब एकदम निघालं. चिरा माझ्या कानाजवळून गेला. मुंगळे गेले नाहीत, ते माझ्या सदऱ्यात राहायला आले. मी एका हाताने शिडी धरली, दुसऱ्या हाताने खांदा खाजवला आणि तिसरा हात नाही हे लक्षात यायच्या आत शिडीसकट गाईच्या शेणकीत पडलो.

शेणकी मऊ असते. या वाक्यावर माझा आजही विश्वास आहे, बाकी पुष्कळ वाक्यांवरचा उडाला.

कुंपणावर माझं जे हसं झालं ते मी लिहीत नाही. वर बघितलं तर भिंतीत मांजर आरपार जाईल एवढं भगदाड. आणि त्या भगदाडातून एक पिवळसर करडं डोकं बाहेर आलं, त्याने माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि परत आत गेलं. धामणच होती. मी ओरडून सांगितलं धामण आहे म्हणून. कुणी ऐकलं नाही. सखारामने लांबूनच हात जोडले.

"बगितलंत ना भाऊ," तो म्हणाला. "आता तर मी जल्मात न्हाय हात लावनार. त्यो रागावला."

"मी रागावलोय," मी म्हणालो.

"तुमचं काय, तुमी रोजच रागावता."

वहिनींनी मला हाताला धरून उठवलं. विहिरीवर नेऊन त्यांनी माझ्या डोक्यावर पाणी ओतलं. मला वाटलं होतं त्या रागावतील. मी उत्तरं तयार करून ठेवली होती, ती तशीच राहिली.

त्यानंतर मी पाखाडीबाहेरचे गडी आणायला निघालो. शेजारच्या वाडीत गेलो, बंदरावर गेलो. माझ्याआधी बातमी पोचलेली. बंदरावरचा एक खलाशी म्हणाला, "ती राखणदाराची वेल ना? ज्याने ओढली तो आंधळा झाला म्हणतात."

"मीच तो," मी म्हणालो.

त्याने माझ्या डोळ्यांसमोर बोट हलवून बघितलं.

स्वतः परत चढायचं तर खांदा वर होत नव्हता. आभाळात ढग जमायला लागले होते आणि भगदाडातून संध्याकाळचं ऊन थेट बाजेवर पडत होतं. म्हणजे पाऊसही तिथेच पडणार. मी वहिनींकडे गेलो, म्हटलं आपण भगदाडाला माडाची झापं बांधू, यंदा भागवून नेऊ. वहिनी जमिनीवर बसून जुन्या लुगड्यांच्या शिवलेल्या लहान लहान दुपट्यांची घडी घालत होत्या. गाठोडं बांधत होत्या.

"हे कुठे?"

"राजापूरला. उद्या माणूस जातोय, त्याच्याकडे देते. सावित्रीला कळवते, तिथेच थांब म्हणून." एक दुपटं त्यांनी परत उलगडलं आणि परत घडी घातली, पहिल्यापेक्षा लहान. "मागच्या वेळी माझ्या मांडीवर गेलं ते मूल, भावोजी. या वेळी माझ्या मांडीवर जगायला हवं होतं. पण मीच सासूला म्हटलंय ओल लागली तर घेऊन जा. बोललेलं बोललं."

मी म्हणालो, "वहिनी, माझी पण अब्रू आहे हो. मी देवळात उभा राहिलो तर उद्या बाजारात तोंड दाखवता येणार नाही. एवढी वर्षं नाव कमावलं ते जाईल."

"मग ते नाव त्या भगदाडाला लावू का?" वहिनी म्हणाल्या. "पाणी थांबत असेल तर लावते."

मी तिथून ताडकन उठून गेलो. दारापर्यंत रागात गेलो, कुंपणाच्या बेड्यापर्यंत रागात गेलो. पाखाडीच्या पहिल्या पायरीवर मला जाणवलं की मी कुणावर रागावलोय ते सापडत नाहीये. रागाला माणूस लागतो. सासूवर म्हटलं तर तिचं बरोबर होतं, सखारामवर म्हटलं तर तो आपल्या पोटापाण्यापेक्षा देवाला भिऊन होता, त्यातही काही खोट नव्हती. परत फिरलो.

"आंघोळ करून यायची का?" मी दारातूनच विचारलं.

"आंघोळ करूनच यायची," वहिनी म्हणाल्या. "आणि शेणकीतला सदरा नको."

मी माझ्या अटी सांगितल्या. नमस्कार करणार नाही. अंगारा लावणार नाही. प्रसादाचं खोबरं खाणार नाही. वहिनींनी सगळ्यांना मान हलवली. मासळीच्या गिऱ्हाइकाने फालतू भाव सांगितला की त्या अशीच मान हलवायच्या.

वाटेत वहिनींनी मला काय मागायचं ते शिकवलं. वेल तोडू का, असं विचारायचं नाही. तसं विचारलं तर देवाला नाही म्हणायला वाव राहतो. विचारायचं असं, की राखणदाराला परसाच्या कोपऱ्यात जांभळीखाली कायमची जागा देतो, वर्षाला नारळ देतो, तर त्याने तिकडे जायला राजी व्हावं. "घरातून काढत नाही आपण त्याला," त्या म्हणाल्या. "मोठी जागा देतोय. उंदीर पण तिकडेच जास्त आहेत."

देवळात पाखाडी जमलेली. माझ्या व्याख्यानाला न आलेले सगळे आले होते, तरुण मंडळही तापातून उठून आलं होतं. केरू गुरव पाषाण धुऊन बसला होता. हाच तो केरू, ज्याची मी बाजारात नक्कल केली होती. त्याने माझ्याकडे बघितलं आणि पाकळ्या लावायला घेतल्या. मी, ज्याने गुरवांच्या हातचलाखीवर दीड तास घेतला होता, त्याने त्या वेळी केरूच्या बोटांकडे बघायला हवं होतं. मी छताकडे बघितलं. छताला कोळिष्टकं पुष्कळ होती.

केरू म्हणाला, "भाऊ, आता गाऱ्हाणं घाला. घरच्या माणसाने घालायचं."

मी घसा खाकरला. सवयीने उजवा हात वर गेला, दुखऱ्या खांद्याचा, तो अर्ध्यावर थांबला. "देवा महाराजा," मी म्हणालो, "मी गंगाराम. तू मला ओळखतोस, मी तुझ्याविरुद्ध बोलतो."

"होय महाराजा," मागून सगळी पाखाडी म्हणाली.

मला दचकायला झालं. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक वाक्याला लोकांनी होकार द्यायचा असतो हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण माझ्या वाक्याला तो कधी मिळाला नव्हता. मी पुढे गेलो. "ही मथुरा, भिकाजी तांडेलाची बायको. हिच्या मागच्या खोलीत पाणी येतं."

"होय महाराजा."

"तिथे मागच्या पावसात तिचं नातवंड गेलं. या पावसात दुसरं यायचंय. त्याला कोरडी भिंत पाहिजे. जास्त काही मागत नाही."

"होय महाराजा," लोक म्हणाले, या वेळी जरा हळू.

मग वहिनींनी शिकवलेलं मी सगळं म्हणालो, जांभळ, नारळ, उंदीर. उंदराला सुद्धा होकार मिळाला. खरं सांगायचं तर मला थांबवेना. मी खाडीच्या धक्क्याचं आणि पाखाडीतल्या फुटलेल्या पायऱ्यांचंही गाऱ्हाणं घालणार होतो, पण वहिनींनी मागून माझं धोतर ओढलं.

मग वाट बघायची वेळ आली. दोन्ही पाकळ्या जिथल्या तिथे. पाणी पाषाणावरून ओघळत होतं. डावी पाकळी जराशी हलली. मी, चार पुस्तकं आणि अनेक पुड्या वाचलेला माणूस, त्या पाकळीला मनात शिव्या देत होतो. उजवीला समजावत होतो. पड बाई, म्हणत होतो, तुझं काय जातंय. शेजारी वहिनी उभ्या होत्या, त्यांचे ओठ घट्ट मिटलेले, घासाघीस संपवून गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत उभ्या राहाव्यात तशा.

उजवी पडली.

मी केरूच्या पाठीत एवढ्या जोराने थाप मारली की तो पाषाणावर आपटता आपटता वाचला. मग केव्हातरी मला दिसलं की माझे हात जोडलेले आहेत. ते कधी जोडले हे मी सांगू शकत नाही. खोबरंही माझ्या तोंडात होतं.

सखाराम आणि धाकूने वेल बुंध्याशी तोडली, चार दिवस वाळू दिली, मग मुळं एकेक करून फटींतून सोडवली. भगदाडात चिरा बसवला, सगळ्या फटी चुन्याने भरल्या, नळे रचले. जांभळीखाली एक दगड मांडला. धामण तिकडे गेली की नाही माहीत नाही. दगडाशी ती मला तरी कधी दिसली नाही. वहिनींनी ठरलेला नारळ मात्र चुकवला नाही.

माझं काय झालं, तर मिरगाच्या आधी बाजारात माझी ठरलेली सभा होती. विषय परदेशी मालाचा. मी उभा राहिलो, म्हणालो, "बंधूंनो, आज आपल्या देशाची अवस्था काय आहे?"

"होय महाराजा," लोक म्हणाले.

सगळी सभा तशीच गेली. मी चिडलो तेव्हाही, मी शिव्या दिल्या तेव्हाही, "होय महाराजा." केरू गुरव पुढच्या रांगेत होता आणि सर्वांत मोठा आवाज त्याचा होता. त्यानंतर कितीतरी लोक दुकानात यायला लागले, भाऊ, आमच्या घरचं पण गाऱ्हाणं घाला, तुमचा शब्द देव ऐकतो. मी त्यांना हाकलायचो. त्यांतले काही जाताना लेमन पिऊन जायचे, हे इथे नमूद करतो.

सावित्री ज्येष्ठात आली. आषाढाच्या ऐन पावसात मुलगी झाली. बारशाला राजापूरहून सासू आली, जाडजूड, बोलायला रोखठोक. आल्या आल्या तिने पाय धुतले आणि थेट मागच्या खोलीत गेली. बाहेर पाऊस भिंतीवर सूप पाखडल्यासारखा आपटत होता. तिने तळहात भिंतीला लावला. बाजेच्या वर लावला, खाली लावला, कोपऱ्यात वाकून लावला. मग हात आपल्या गालावर फिरवून बघितला. वहिनी दारात उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे, वळचणीखाली भिजत.

"कोरडी आहे," सासू म्हणाली. तिने पदराने डोळे पुसले आणि मुलीला मांडीवर घेऊन बसली. थोड्या वेळाने तिचं माझ्याकडे लक्ष गेलं. "हे कोण?"

"आमचे भावोजी," वहिनी म्हणाल्या. मान ताठच होती, पण आवाजात एवढा अभिमान मी आधी कधी ऐकला नव्हता. शिरोड्याहून सुटून आलो तेव्हाही नाही. "यांनीच देवाला गाऱ्हाणं घातलं. यांचा शब्द लागतो."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. मुद्दे तयार होते, उजवी पाकळी, केरूची बोटं, पाण्याचा ओघळ, सगळं क्रमाने. पण मूल नुकतंच निजलं होतं, आणि माझा आवाज मला माहीत आहे.